मिटल्या तोंडाचे मासे

(पोस्टकार्ड)
तळेवाडी, ता. निलंगा, जि. लातूर
११ फेब्रुवारी १९८६

चि. रामकिशन यास, नागाक्काचा आशीर्वाद.

पाच वर्षांनी माझं अक्षर बघून भिऊ नको. कुणी मेलं न्हाई. तुझे दाजी खुशाल हायेत, मी बी हाय. औंदा तळं आटलं, पाळीजवळचा डोह तेवढा उरला. टँकर आठ दिवसांतून एकदा येतो.

एकच विचारायचं होतं. बाजारात तोंड मिटलेले मासे लई येऊन राहिले. आपले आबा असल्या माशाला काय म्हणायचे ते आठवतं का? आठवत असलं तर बंद पत्रात लिही, कार्डावर न्हाई. गावचं टपाल महादेवप्पाच्या दुकानात उतरतं. तो मासा खात न्हाई, पण माशाच्या खबरी सगळ्या खातो. (महादेवप्पा, हे वाचून राहिला असशील तर वाच. माझं काय जातं?)

पत्त्यावर जिल्हा लातूर लिही. उस्मानाबाद लिहिलं की पत्र अजून तिकडं हिंडून येतं. नवा जिल्हा होऊन चौथं साल लागलं तरी तीच गत.

वैनीला नमस्कार सांगू नको. नुसतं पत्र आलं म्हण.

नागाबाई


तळेवाडी
२८ फेब्रुवारी १९८६

रामकिशन,

अख्खं निळं पत्र घेतलंस आणि त्यात लिहिलंस काय? ‘मुका मासा. कोण मारून राहिलं?’ बस्स. बाकी कागद कोरा. लहानपणी बी असाच घुम्या होतास. साप दिसला तरी बोटानं दाखवायचास, तोंडानं सांगायचा न्हाईस.

पण आठवलं तुला, बरं वाटलं. जाळ्यातला मासा वर आला की तोंड वासून वासून मरतो. सुरुंगाच्या बारानं मेलेल्याला तोंड उघडायला बी सवड मिळत न्हाई. आबा असला मासा हातात धरत नव्हते. ‘मुका मासा विकला की विकणाराची जबान जाते’ म्हणायचे. माझी जबान अजून हाय, बघ. तुला शिव्या द्यायला पुरते.

मी निलंग्याच्या बाजारात पाटी घेऊन बसते. गिऱ्हाईक बाया शहाण्या झाल्यात. कल्ला उचलून बघतात, लाल दिसला की घेतात. तोंडाकडं कुणी बघत न्हाई. पण पौषात एक म्हातारी मुसलमान बाई आली. तिनं कटला माशाच्या ओठावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, ‘ये तो बोले बगैर मर गया, बेटी.’ मासा पाटीत ठेवून निघून गेली.

त्या दिवसापासून मी काय करते सांगू? बाजाराला निघायच्या आधी अंगणात बसते आणि एकेका माशाचा जबडा उघडते. दोन बोटं आत, अंगठा खाली. कट् असा आवाज होतो आणि मंग तोंड वासलेलंच राहतं. पाटीत चाळीस-पन्नास मासे असतात. आता मला न बघता येतं, शेंगा सोलल्यासारखं.

माल हणमंतराव देतो. ओळखशील तू, त्याच्या ट्रॅक्टरवर विहिरी फोडायचं यंत्र हाय. औंदा दुष्काळानं जो तो विहीर खोल करून राहिला, त्यामुळं सुरुंगाच्या कांड्या त्याच्याकडं पाटीभर असतात. विहिरीतल्या उरल्या की तळ्यात. थोडा मासा माझ्या पाटीत येतो, बाकीचा टोपल्यांत भरून, वर ओला गोणपाट टाकून, एसटीच्या टपावरनं कर्नाटकात जातो. ना चिठ्ठी ना पावती. कुणी विचारलं तर ‘घरच्या लग्नाचा हाय’ म्हणायचं. इतकी लग्नं तर साऱ्या तालुक्यात न्हाईत.

परवान्यानं मारायला आपल्या भोयांच्या सोसायटीकडं परवाना हाय कुठं? फाईलीसाठी जुन्या जिल्ह्यात गेलो तर म्हणतात नव्याला पाठवली, नव्यात गेलो तर म्हणतात आलीच न्हाई. तुझे दाजी सहा खेपा मारून आले. शेवटच्या खेपेला साहेब म्हणला, तळ्यात पाणीच न्हाई तर परवाना कशाचा देऊ? त्याचं बी खरंच म्हणा.

मारणारा कोण ते मला ठाऊक न्हाई. बाहेरगावचा असंल.

तू नांदेडला सरकारच्या माशांचा राखणदार, तुला कायदा कळतो. नुसत्या विकणाऱ्या बाईला किती सजा होते ते कळव. शेजारणीला पाहिजे.

नागाक्का


तळेवाडी
२२ मार्च १९८६

रामकिशन,

‘शेजारणीला सांग, आधी खरं बोल.’ वा रे वा. कालपरवापर्यंत माझ्या कडेवर शेंबूड पुसत होतास.

मागल्या पत्रात मी खोटं लिहिलं. मारणारा बाहेरगावचा न्हाई. माझ्याच चुलीवरचं जेवतो.

आता रागावू नको, पुढचं वाच. रोजगार हमीवर विहिरीचं काम निघालं तवा तुझे दाजी तिथं लागले. हणमंतरावानं त्यांना खडकाला भोक पाडायला शिकवलं, कांडी बसवायला शिकवलं, वात लावायला शिकवलं. भोयाचा हात, रामकिशन. पाण्यात जाळं किती पसरंल ते डोळ्यानं मोजणारा हात. तो खडकात बी चालला. मग दिवाळीनंतर हणमंतराव म्हणला, ‘विहिरीत पाणी लागंना, तळ्यात मासा तरी लागू दे.’ पहिल्या दिवशी दाजींनी घरी येऊन जेवण केलं न्हाई. दुसऱ्या खेपेला केलं.

बार दुपारी एकला उडतो. त्या येळेला साऱ्या शिवारात विहिरींचे बार उडत असतात. त्यात एक तळ्यातला, कोण ओळखतंय? मी ओळखते. विहिरीचा बार कोरडा, धाड् करून फुटतो. तळ्यातला आधी पायाखाली येतो आणि मंग कानाला. तो झाला की मी दाराकडं बघत बसते. दाजींच्या वहाणांचा आवाज येईस्तोवर माझ्या हातून काडीचं काम होत न्हाई. एकदा पीठ मळता मळता अर्धा घंटा हात परातीतच राहिला.

डाव्या कानानं त्यांना आता ऐकू येत न्हाई. मी उजवीकडनं बोलते. कांड्या हाताळल्या की डोकं असं दुखतं की फडकं आवळून भिंतीला टेकून बसतात. आणि त्या कांड्या ठेवल्यात कुठं? ज्वारीच्या कणगीत. वर ज्वारी, खाली मरण. तवापासून मी घरात चूल पेटवली न्हाई, अंगणात दगडं मांडून सैपाक करते. पार्वतम्मा, ती आमच्या शेजारची लिंगायताची म्हातारी, विचारते, ‘नागाबाई, घरात काय साप निघाला का गं?’ मी म्हणते, ‘हाव, लई मोठा हाय.’

सोडा म्हणून पाया पडले मी. ‘पाऊस पडेस्तोवर’ म्हणतात. पाऊस कुणाच्या हातात हाय?

मला एकच अट घालता आली. आबांचा शिरस्ता तुला ठाऊक हाय: दिवसाचा पहिला मासा पाण्यातल्या सात आसरांचा. तो जिवंत पाण्यात सोडायचा, मंग आपले. आता बारानं मारल्यावर जिवंत मासा आणायचा कुठनं? मी बोलले, ‘पाण्याची देणगी दिल्याबिगर मी पाटीला हात लावणार न्हाई.’ लई भांडलो. शेवटी ते काठाच्या चिखलातनं हातानं एक मरळ धरून आले. घागरीत ठेवली. बार उडवायच्या दिवशी ती सोडायची, आणि मंग दुसरी धरून आणायची, पुढल्या खेपेसाठी. मरळ लई चिवट, घोटभर पाण्यात महिना काढते. माणसाला टँकरची रांग आणि आमच्या घरात माशाला घागर. पार्वतम्मा बघून म्हणाली, ‘आता हिचं बारसं कर.’

हसलास ना? मला माहीत होतं.

दाजींचं नाव मी तोंडानं घेत न्हाई, तू बी पत्रात लिहू नको. निळं पत्र बी वाफेवर उघडतं म्हणतात.

नागाक्का


तळेवाडी
१९ एप्रिल १९८६

रामकिशन,

तुझं पत्र चुलीत घातलं. आधी पाठ झालं, मंग घातलं. ‘दाजींना सोडायला सांग. न्हाई तर मला साहेबाला सांगावं लागंल. नोकरीचं इमान हाय.’

इमान! त्या आषाढात बी तुझं इमानच होतं ना? अंगात खाकी, हातात काठी, आणि बहिणीच्या दारात जाळ्याची होळी. पोटात अंडी असलेल्या मासळ्या धरल्या म्हणून. धरल्या होत्या. मी अंडी बघितली होती आणि गप बसले होते. तुझं खरं होतं, आज कबूल करते. पण ते जाळं आईनं विणलेलं होतं, रामकिशन. दोन पावसाळे बसून विणलेलं. तिच्या डोळ्यादेखत जाळलंस तू. ती नुसती राखेतनं जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या वेचत बसली. तिच्या दहाव्याला मी बोलले की तुझ्या घरचं पाणी पिणार न्हाई, ते त्या गोळ्या आठवून बोलले.

जाळं असतं तर दाजींच्या हातात कांडी आली नसती, असं मी म्हणत न्हाई. कधी कधी मनात येतं, तेवढंच.

आता रागाचं पुरं झालं. भ्यायचं सांगते.

डोह आता आपल्या वाड्यातल्या आडाएवढा राहिला. उरलेले सगळे मोठे मासे त्यात कोंडून बसलेत, रोहू तर मांडीएवढे. काठावर बायांनी झिरे खांदलेत, त्यातलं पाणी वाटीवाटीनं भरतात. सारं गाव तेच पितं. बार झाला की दोन दिवस पाण्याला वास मारतो. पार्वतम्मा सकाळपासून तिथंच बसलेली असते, दुपारी बी उठत न्हाई, म्हणते घरी जाऊन काय करू, घरात कोण हाय?

हणमंतरावाला आता एकच बार पाहिजे, शेवटचा. आधी दोन कांड्या लावायचे, आता अख्खं पुडकं लावायचं म्हणून राहिला. डोह साफ करून टाकायचा. दाजी हाव बी म्हणले न्हाईत आणि न्हाई बी. बाहेर बसून वात किती लांब पाहिजे ते दोरीनं मोजत होते. मला बघून दोरी धोतराखाली घातली.

तुझा साहेब येऊन दाजींना धरून नेईल, हणमंतराव मोकळा राहील. त्याच्या ओसरीवर कोण कोण चहा पितं ते मी बघते. म्हणून साहेबाला सांगू नको. मला विचार करू दे.

नागाक्का


तळेवाडी
५ मे १९८६

रामकिशन,

विचार झाला.

बुधवारी, चौदा तारखेला, एकला बार हाय. धाकटा दीर मारोती सांगून गेला, तो हणमंतरावाच्या टोपल्या उचलतो.

तू ये. दुसरं काही करू नको, नुसता ये. निलंग्याहून साडेअकराची गाडी फाट्यावर थांबते. बहिणीच्या घरी पाच वर्षांनी भाऊ आला, तर तुझे दाजी उंबऱ्याबाहेर पाय ठेवणार न्हाईत. तुला माहीत हाय त्यांचा स्वभाव. माणूस कितीबी बिघडू दे, पाहुणा उपाशी ठेवून ते कुठं जायचे न्हाईत. तू बस, चहा पी, जेव, पुन्हा चहा पी, वैनीच्या गुडघ्याचं सांगत बस. गाडी परत जाईस्तोवर त्यांना उठू देऊ नको. एक दिवस टळला की मी हणमंतरावाच्या दारात बोंब मारीन, पण त्या दिवशी घरचा माणूस घरात पाहिजे.

भाऊ म्हणून ये. वर्दी घालून येऊ नको. खाकी दिसली तर मागल्या दारानं जातील आणि मुद्दाम जातील.

तुझ्या घरचं पाणी पिणार न्हाई म्हणले होते. तू माझ्या घरचं पी. मंग बघू.

बुधवार. विसरशील तर बघ.

नागाक्का


तळेवाडी
२ जून १९८६

रामकिशन,

दहाव्याला आलास. कावळा शिवेस्तोवर ओढ्यात उभा राहिलास. आणि माझ्याशी शब्द न बोलता फाट्याकडं गेलास. जाताना पार्वतम्माला म्हणालास, ‘मला ताटावर बसवून मागल्या दारानं गेले. मासे उचलायला गेले. पाहुण्याच्या तोंडाला पानं पुसली.’ तिनं मला सांगितलं. बाकी गाव बी तेच म्हणतं, पंचनाम्यात बी तेच लिहिलंय. गावाला मी काही सांगायला बांधलेली न्हाई. तुला सांगते.

दाजींनी तुला फसवलं न्हाई. मी धाडलं त्यांना.

तू आलास तवा ते मुंडासं बांधून निघायलाच उभे होते. दारात तू दिसलास, हातात केळ्यांची पिशवी, अंगात पांढरा सदरा. त्यांनी मुंडासं सोडलं आणि खुंटीला टांगलं. मी चुलीपाशी तोंडात पदर घालून रडले, कारण मला वाटलं, झालं, वाचलो. तुम्ही दोघं बोलत बसलात. मी एक वाजायची वाट बघून राहिले होते. एक वाजला, शिवारात विहिरींचे बार झाले, चार मोजले मी. तळ्यातला झाला न्हाई.

तू मोरीवर पाय धुवायला गेलास तवा मारोती मागल्या दाराशी आला. हणमंतरावानं वाट बघून स्वतःच वात पेटवली होती. मारोती म्हणला, ‘बार बसला. हणमंतराव शिव्या देत घरी गेला.’ बसला म्हणजे पेटला आणि उडालाच न्हाई. मारोती गेला आणि तुझे दाजी मागल्या खोलीत येऊन पाटावर बसले. मला नाव घेऊन कधी हाक मारत न्हाईत. त्या दिवशी मारली. म्हणाले, ‘नागे, पाण्यालाच नको हाय हे. मला बी नको. जेवण झालं की तुझ्या भावालाच सांगतो, कणगीतल्या कांड्या त्याच्या हवाली करतो. त्याच्या तळ्यावर नांदेडला मला काम देतील का, तू विचारशील?’

मी हाव म्हणले. रामकिशन, लग्न होऊन बावीस वर्षं झाली, एवढी खुशी मला कधी झाली नव्हती.

आणि त्या खुशीत माझं लक्ष घागरीकडं गेलं. मरळ आडवी झाली होती. उन्हानं पाणी तापलं असंल. कल्ले हलत होते, पण पोट वर येऊन राहिलं होतं. मला वाटलं, पाण्यानं आमचं ऐकलं आणि पाण्याची देणगी आमच्या घरात मरून राहिली. मी म्हणले, ‘आधी ही सोडून या. आज सोडलीच पाहिजे.’

ते म्हणाले, ‘बसलेल्या बाराजवळ घंटाभर जायचं नसतं. दोनला सोडतो.’

मी म्हणले, ‘दोनपर्यंत मरंल ती. पाण्यात बुडालेली वात, तिचं काय भ्यायचं? पाण्यात विस्तव कुठं जगतो?’

तू आबांचा मुलगा, मी आबांची मुलगी. आपल्याला एवढंच शिकवलं होतं, की पाणी विस्तवाला मारतं. ती वात पाण्याखाली बी जळते हे मला कोण सांगणार? त्यांना ठाऊक होतं. ते माझ्याकडं बघून हसले. मला वाटतं, त्यांना माझं मन मोडायचं नव्हतं त्या दिवशी. घागर खांद्यावर घेतली. ‘पुढनं गेलो तर पाहुणा बी उठंल माझ्यासंगं. त्याला जेवू दे,’ म्हणाले, आणि मागल्या दारानं गेले. तुला ओरडून सांगितलं ते आठवतं? ‘हात घाला पाहुणे, मी आलोच.’

मी तुला भाकरी वाढली. तू विचारलंस, दाजी कुठं? मी म्हणले, येतात इतक्यात. तू झिंग्याची चटणी मागितलीस. मी वाढून राहिले होते आणि तुझ्या ताटातली वाटी हलली. आवाज नंतर आला. तू माझ्या तोंडाकडं बघितलंस आणि तुला कळलं, कारण मी आधीच उठले होते. पावणेदोन झाले होते. पंधरा मिनिटं राहिली होती, रामकिशन. पंधरा.

पार्वतम्मा झिऱ्यावर होती. ती सांगते, ते काठाला वाकून घागर पाण्यात टेकवून उभे होते, मरळ आपणहून बाहेर निघायची वाट बघत. हिला पलीकडं बुडबुडे दिसले. हिनं हाक मारली, दोनदा मारली. ती डाव्या अंगाला होती. मान वळली असती तर वाचले असते म्हणते, पण डाव्या कानाला काय ऐकू येणार? तिची म्हातारीची कंबर झिऱ्यात पडून धरली, बाकी काही झालं न्हाई. तिच्या शंकरानं राखलं.

तू त्यांना उचलून काठावर आणलंस. अंगावर एक ओरखडा नव्हता. तू आशेनं नाकाशी हात धरून बसलास. मी तोंड बघितलं आणि मला कळलं. तोंड मिटलेलं होतं.

पुढचं तुला ठाऊक न्हाई, तू निलंग्याला खबर द्यायला गेला होतास. घरी आणल्यावर बायांनी तुळशीपत्र आणि पाणी आणलं, मुखात घालायला. तोंड उघडंना. पार्वतम्मा म्हणाली, राहू दे, ओठाला लाव. मी म्हणले, न्हाई, पाणी आत गेलं पाहिजे, हा माणूस पाण्यातला हाय. आणि मी अंगठा लावला. दोन बोटं आत, अंगठा खाली. माझ्या हाताला ते काम न बघता येतं.

तो आवाज आला, रामकिशन. तोच.

मग फौजदार आला. हणमंतराव त्याच्या शेजारी खुर्चीवर बसून सांगत होता, कांड्या यानं माझ्या यंत्रावरनं चोरल्या, मासे मारायला एकटाच गेला. फौजदारानं मला विचारलं, ‘खरं हाय का बाई? नवऱ्याचं नाव काय?’ माझं तोंडच उघडलं न्हाई. नाव मारोतीनं सांगितलं. आबा म्हणाले होते तसं झालं. जबान गेली. कागदावर त्यांना चोर लिहिलं, आणि मला सही येत असून मी खाली अंगठाच लावला.

मरळ तरंगलेल्या माशांत मी शोधली. तीन दिवस काठावर जाऊन शोधली. सापडली न्हाई. चिखलात गेली असंल, न्हाई तर कुणी नेली असंल. घागर फुटली होती.

पाटी मी आता उचलत न्हाई, पार्वतम्माच्या ओळखीनं शेंगा फोडायला जाते. ते राहू दे. लिहायचं कारण वेगळं हाय. हणमंतराव परवापासून दोनदा आला. उरलेल्या कांड्या मागतो, म्हणतो, ‘नाही तर तू बी अडकशील.’ त्याला दुसऱ्या तळ्यावर बार लावायचाय आणि त्यानं मारोतीला बोलावलंय. मारोती हाव म्हणला. पोरगं बावीस वर्षांचं, भावाचं सुतक फिटून दहा दिवस झाले न्हाईत आणि हाव म्हणला. काल तो बाहेर बसून दोरी मोजत होता.

मी कांड्या दिल्या न्हाईत. सात हायेत. कणगीवर मी स्वतः झोपते.

मी सगळं सांगणार हाय. कुणी धाडलं, कांड्या कुणी दिल्या, टोपल्या कोणत्या गाडीनं जातात, मासळीची तोंडं कोण उघडत होतं. मला सजा झाली तर होऊ दे, मी विचारूनबी तू कळवलीच न्हाईस किती होते ते. आणि नाव विचारलं तर या खेपेला मीच सांगीन. ग्यानोबा. ग्यानोबा सटवाजी भोई. बघ, लिहिलं. काही झालं न्हाई.

पण फौजदारासमोर एकटी उभी राहिले तर पुन्हा जबडा मिटंल माझा, मला भरवसा न्हाई. शेजारी कुणीतरी पाहिजे, ज्याच्यासमोर हणमंतरावाला खुर्ची मिळणार न्हाई.

तुझ्या घरचं पाणी पीन मी, रामकिशन. आधी तू ये.

या खेपेला वर्दी घालून ये.

नागाक्का